लाडवाचा भोंगा

गुणवंतराव वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. पण तो कधी कोणावर ओरडला नाही, दारू पिऊन आमच्या लाईनीत आला नाही, कुठल्या बाईकडे वाकडी नजर टाकली नाही. मजुरांच्या खोल्यांच्या त्या रांगेत जेवढी पोरं होती त्या सगळ्यांची नावं त्याला पाठ होती. लाईनीतल्या रंभाच्या पोरीला ताप चढला तेव्हा कंपनीची जीप काढून त्यानंच तिला चांद्याच्या दवाखान्यात पाठवलं. अशा माणसाला मी शिव्या देते. आजही देते. लोक म्हणतात, वच्छले, आता सोड. मी सोडणार नाही.

आमची कॉलरी, म्हणजे कोळशाची खाण, घुग्घुसच्या अलीकडे, वर्धा नदीच्या अंगाला. तिचं नाव सांगून मला तिची आणखी प्रसिद्धी करायची नाही. माझा नवरा पोचू मूळचा चामोर्शीकडचा. घरी धानशेतीच्या बांध्या होत्या, पण भावांत वाटून पोट भरेना, म्हणून तो खाणीवर आला. कोळसा काढला की वरचा दगड अधांतरी राहतो. त्याच्याखाली लाकडाचे टेकू उभे करायचं पोचूचं काम. टेकू लागायच्या आधी त्या छताखाली पहिला जातो तो टेकूवाला.

आणि आमचा भोंगा. बॉयलरच्या वाफेवर वाजणारा, नूर मोहम्मदच्या हातात त्याची तार. पाळी सुटली की एकदा आखूड वाजायचा. खाली माणूस दबला की तीनदा लांब. तो लांब भोंगा ऐकला की बाईनं हातातलं काम टाकायचं आणि धावायचं. रात्रपाळी करून घरी झोपलेल्या गड्यांनी पावडं, पहारीसारखं सब्बल घेऊन धावायचं. बसलेलं छत उपसायचं म्हणजे एकेक धोंडा हातोहात मागे द्यावा लागतो, आणि पाळीवर असलेली माणसं त्याला कधी पुरत नाहीत. घरच्या गड्यांनी जितकी घाई करावी तितका खालचा माणूस जगायची आशा. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, लाईनीत राहायला आलं की ते आपोआप कळायचं.

पोचू मला म्हणायचा, "मी दबलो त मले भोंगा वाचवन. देवाचं मंग पाहू."

गुणवंतराव नागपूरहून आला. दारावर पाटी लागली, 'प्रसिद्धी अधिकारी'. म्हणजे काय ते आम्हाला कळेना. आमच्या शेजारचा मुखरू म्हणाला, "हा साहेब करते काय? कोळसा काढत नाई, हजेरी घेत नाई, नुसता गोष्टी करत फिरून राह्यला." खरंच तो फिरायचा आणि ऐकायचा. कोणाकडे बिनदुधाचा चहा प्यायचा, कोणाच्या बाजेवर बसायचा. पावसाळा सरल्यावर एक दिवस तो आमच्या ओट्यावर येऊन बसला.

"पोचूभाऊ, कंपनीचा सगळ्यात मोठा वैरी कोण, सांगा."

"पानी," पोचू म्हणाला. नदी जवळ असल्यानं खाणीत पाणी शिरायचं.

"नाही. भोंगा." आणि तो समजावून सांगू लागला. "अपघात एका माणसाला होतो, पण भोंगा चार कोसांवरच्या गावांना ऐकू जातो. तो वाजला की बाप बंडी जुंपून पोराला न्यायला येतो. पंधरा दिवस निम्मी लाईन रिकामी. नवा माणूस यायला धजत नाही. कंपनीला नवा थर उघडायचा आहे, त्याला माणसं आणायची कुठून?"

"मंग भोंगा बंद कराचा हाये का?" मी दारातून विचारलं.

"छे, बाई. कायद्यानं तो लागतोच. भोंगा तोच राहील. तो ऐकून तुमच्या पोटात गोळा येतो ना, तेवढा आपण काढून टाकू."

एखाद्या वैद्याला औषध सापडावं तसा खूश होता तो. पोचूलाही ते पटलं. तो गेल्यावर म्हणाला, "बरोबर बोलून राह्यला साहेब. लेकरायनं काऊन भ्याचं रोज?" मलाही पटलं. गोड बोलणाऱ्याचं लवकर पटतं.

मग एक दिवस दुपारी भोंगा वाजला, तीनदा लांब. मी चुलीवरून भात उतरवत होते. भाताचा गंज तिथंच आपटला आणि धावले. रंभा माझ्या पुढे होती, ती कोळशाच्या चुऱ्यावर घसरून पडली, गुडघा फुटला, तशीच उठून पळाली. खाणीच्या तोंडाशी पोचलो तर तिथं मांडव. रंगीत कागदाच्या पताका. मॅनेजर साहेब कोट घालून उभे, आणि टोपल्यांत बुंदीचे लाडू. खाणीत माणसं ज्या पिंजऱ्यातून उतरतात त्याला आम्ही डोली म्हणतो. त्या डोलीतून पोचू हसत वर आला. त्या महिन्यात आजवरचा सगळ्यात जास्त कोळसा निघाला होता, त्याचा आनंद म्हणे.

आम्ही बायका रडायला लागलो. एकीनं मॅनेजरच्या आईचा उद्धार केला. मग रडता रडता कोणीतरी हसलं आणि सगळ्याच हसलो. माणूस जिवंत दिसल्यावर बाई काय करणार? गुणवंतरावनं हात जोडले, माफी मागितली, स्वतःच्या हातानं लाडू दिले. नागपूरचा फोटोवाला होताच. चार दिवसांनी वर्तमानपत्रात आमचा फोटो आला, खाली लिहिलेलं, 'उत्पादनाचा विक्रम ऐकून मजूर भगिनींना आनंदाश्रू अनावर'. रंभाच्या गुडघ्याचं रक्त फोटोत आलं नव्हतं.

त्यानंतर सव्वीस जानेवारीला वाजला. डायरेक्टरच्या नातवाच्या बारशाला वाजला. पुन्हा विक्रम झाला, पुन्हा वाजला. प्रत्येक वेळी तेच तीन लांब, आणि प्रत्येक वेळी लाडू. आधी आम्ही धावत जायचो, मग भराभर चालत, मग पदर नीट करून. पोरं ताटल्या घेऊन पुढे पळायची. ती त्याला लाडवाचा भोंगा म्हणू लागली. गावांकडून कोणाचा बाप बंडी घेऊन येईना. नवी माणसं भरती झाली. गुणवंतरावचा पगार वाढला असं ऐकलं.

एक नूर मोहम्मद तेवढा बिथरला होता. तो मॅनेजरकडे गेला, मॅनेजरनं त्याला गुणवंतरावकडे पाठवलं. तिथं काय झालं ते त्यानं आमच्या ओट्यावर येऊन सांगितलं. "मी म्हनलो, साहब, खुशी करायची त बँड बुलवा. ह्या तारेले हात नका लावू. हा भोंगा खाली गेलेल्या मानसायचा हाये. त साहब काय म्हनते? म्हनते, नूरभाई, बँडवर लोकांचा विश्वास नसतो. ज्या आवाजावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, तोच मला पाहिजे."

पोचू हसून म्हणाला, "जाऊ द्या ना, नूरभाई. लाडू खा."

नूरभाईंनी लाडू कधीच खाल्ला नाही.

पोळ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांचा सण, त्याची सुट्टी कंपनी देत नसे. पोचू सकाळच्या पाळीला गेला. त्यानं टेकूच्या उरलेल्या तुकड्यातून आमच्या चंदासाठी लाकडाचा बैल कोरला होता, ती सकाळपासून त्याला गेरू फासत बसली होती. लाईनीतली सगळी पोरं आपापले बैल सजवत होती. संध्याकाळी पोरांच्या बैलांना कंपनी बक्षिसं देणार असं गुणवंतरावनं आठवडाभर आधी घरोघर सांगून ठेवलं होतं.

दुपार कलायच्या आधीच भोंगा वाजला, तीनदा लांब.

"आज लवकरच बोलावलं," रंभा म्हणाली. पोरांनी एकच कालवा केला. मी चंदाची वेणी घातली. मुखरू रात्रपाळीचा, नुकता उठून आंघोळीला बसला होता, तो सावकाश पाठ चोळत राहिला. मग त्यानं धुतलेलं धोतर नेसलं. भोंगा तीनदा वाजून थांबला नाही. पुन्हा वाजला, पुन्हा वाजला, नूरभाईंनी तार सोडलीच नाही.

"लईच वाजवून राह्यले बाप्पा," रंभा म्हणाली. "आज लाडू मोठे असन."

आम्ही हसलो. पूर्वी धावायचो त्या वाटेनं आम्ही चालत गेलो. पुढे पोरं, त्यांचे चाकांचे बैल खडखडत होते, मागे आम्ही बायका नव्या लुगड्यांत, हातात ताटल्या. गडी त्यांच्या मागे, पान चघळत. कोणाच्याही हातात पावडं नव्हतं.

खाणीच्या तोंडाशी मांडव नव्हता. नूरभाई तारेला दोन्ही हातांनी लोंबकळले होते आणि रडत होते. आमच्याकडे पाहून ते ओरडले, "पावडे कुठी हायेत? अरे, पावडे कुठी हायेत?"

गडी परत लाईनीकडे पळाले. धोतर सावरत, पान थुंकत, अवजारं आणायला. जाऊन येऊन जेवढा वेळ जातो तेवढा गेला. मी तिथं ताटली घेऊन उभी होते. श्रावणभर पाऊस झाला होता, दगडात पाणी मुरलं होतं, आणि पोचूच्या वाटेतलं छत बसलं होतं. त्याच्यासोबतच्या दोघांना लगेच ओढून काढलं. पोचू ढिगाऱ्याच्या पलीकडे जिवंत होता. पाणी उपसायचा नळ तिथून जायचा, त्याच्यावर तो दगडानं ठोकत होता. वर आलेल्या माणसानं सांगितलं, ठोकून राह्यला, चांगला जोरात ठोकून राह्यला. खाली धोंडे उपसायला फार थोडे हात होते.

मुखरू आणि बाकीचे अवजारं घेऊन उतरले तेव्हाही ठोकणं चालू होतं. मग ते हळू झालं. मग थांबलं. त्याच्या अंगावर एकही धोंडा पडला नव्हता. त्या पोकळीतली हवा संपली, एवढंच. मुखरूनं त्याला वर आणलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आंग गरम हाये, वच्छलाबाई. अजून गरम हाये."

त्या दिवशी मी वेणी घालत बसले, हसत चालत गेले, हे खरं आहे. पण माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. रंभाचं चुकलं नाही, मुखरूचं चुकलं नाही. आम्ही धावणारी माणसं होतो. आम्हाला चालायला शिकवलं, लाडू चारून शिकवलं, आणि शिकवणाऱ्याला त्याचा पगार मिळत होता.

मॅनेजर साहेब समाचाराला आले तेव्हा म्हणाले, "कावळा बसायला अन् फांदी मोडायला एकच गाठ पडली, बाई. नेमका तान्हा पोळा." मी उठून आत गेले. थांबले असते तर हातात जे होतं ते फेकून मारलं असतं.

वर्तमानपत्रातही आलं. नूरभाईंनी आणून वाचून दाखवलं. 'भोंगा ऐकताच मजुरांच्या वस्तीतील स्त्रिया बचाव करणाऱ्यांसाठी अन्नाची ताटे घेऊन धावल्या. कंपनी आणि कामगार हे एकच कुटुंब असल्याचा प्रत्यय आला.' पुढचं त्यांना वाचवेना. त्यांनी कागद घडी करून खिशात टाकला. गुणवंतराव करतो काय, हा मुखरूचा जुना प्रश्न होता ना, त्याचं उत्तर मला तेव्हा मिळालं. माझ्या हातात रिकामी ताटली होती. त्यानं तीत अन्न वाढलं.

तेरवी झाल्यावर गुणवंतराव आला. खाली चटईवरच बसला. डोळे सुजलेले होते, आवाज बसला होता. "बाई, मला झोप नाही," म्हणाला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. तो खोटं रडत नव्हता. चंदाला त्यानं जवळ घेतलं, आणि त्यानंतर कामाचं बोलला.

"डायरेक्टर साहेब येणार आहेत. नागपूरचे वार्ताहर येणार आहेत. पोचूभाऊंना श्रद्धांजली वाहायची आहे. तुम्ही पहिल्या रांगेत बसा. आणि त्यांच्या नावानं तीनदा भोंगा देऊ. मानवंदना."

"तीनदा लांब?"

"हो. बाई, लोक पुन्हा घाबरलेत. माणसं सोडून चालली आहेत. भोंगा ऐकला की त्यांना तो दिवस आठवायला नको. कंपनी आपल्या माणसाची आठवण ठेवते, असं वाटलं पाहिजे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसाला काहीच कळलं नव्हतं. घर जळालं तरी हा निखाऱ्यावर पापड भाजायला बसला होता.

"साहेब, तो भोंगा वाजवू नका."

"तुमच्याच माणसाचा मान आहे."

"त्याले मान नाई पाह्यजे होता. हात पाह्यजे होते."

 तो हळूच म्हणाला, "वरून ठरलं आहे, बाई."

"मंग वाजवा. वाजला त आमी येऊ."

"नक्की या," तो म्हणाला, आणि त्याला बरं वाटलेलं दिसलं.

मी घरोघर गेले. प्रत्येक दारात एकच सांगितलं. "भोंगा वाजला म्हंजे मानूस दबला. दुसरं काई नाई. साहेबानं सांगतलं तरी नाई, लाडू देल्ले तरी नाई." रंभानं मान हलवली आणि तिच्या घरचं सब्बल दाराशी आणून ठेवलं. मुखरू गड्यांशी बोलला. डोली चालवणाऱ्या इंजिनवाल्याशीही तोच बोलला. लांब भोंगा झाला की खालची सगळी माणसं वर काढायची, हा खाणीचा जुना नियम. तो कोणी मोडीत काढला नव्हता, फक्त विसरायला लावला होता. नूरभाई म्हणाले, "मी हुकमाचा बंदा, हुकूम झाला त वाजवीन. बंद कर म्हनून सांगतलं त मले ऐकू येनार नाई."

तो दिवस उजाडला. सकाळचीच सभा. मांडव उभारला, खुर्च्या आल्या, हार आले. पोचूचा फोटो कधी निघालाच नव्हता, म्हणून नागपूरच्या कोण्या चित्रकाराकडून एक तोंड काढून आणलं होतं. मिशी भलतीच, डोळे भलतेच. त्या तोंडाला हार घालायला डायरेक्टर उभे राहिले. पहिल्या रांगेतली माझी खुर्ची रिकामी होती. मी लाईनीत माझ्या दारात उभी होते.

भोंगा वाजला. तीनदा लांब, आणि मग वाजतच राहिला.

आम्ही धावलो. पुढे मुखरू सब्बल घेऊन, त्याच्या मागे पावडी, घमेली, बाज. कोणाचे केस सुटलेले, कोणाचे हात पिठाचे, कोणाचं लेकरू कडेला. मांडवाजवळून धावत गेलो, आत कोणी पाहिलं नाही. खाणीच्या तोंडाशी जाऊन मुखरू इंजिनवाल्याला म्हणाला, "भोंगा झाला. मानसं वर काढ."

इंजिनवाल्यानं मॅनेजरकडे पाहिलंच नाही. त्यानं खाली घंटी दिली आणि डोली ओढली.

मॅनेजर धावत आले. "कोणी सांगितलं? काम बंद कोणी केलं?"  डोली वर आली, माणसं उतरली, डोली खाली गेली. कोळशानं काळी तोंडं, काय झालं म्हणून विचारत होती. प्रत्येक बाई आपला माणूस ओळखून त्याच्या मनगटाला धरायची आणि बाजूला घेऊन उभी राहायची. डायरेक्टर हार हातात घेऊन मांडवाच्या दाराशी आले. वार्ताहर खुर्च्या सोडून आमच्यात घुसले. एकानं रंभाला विचारलं, कुठं अपघात झाला? ती म्हणाली, "मले इचारता? भोंगा वाजवला त्यायले इचारा." त्यानं वळून डायरेक्टरलाच विचारलं.

गुणवंतराव माझ्याकडे आला. चेहरा पांढरा पडला होता. "बाई, काही झालेलं नाही. तुम्हाला ठाऊक आहे काही झालेलं नाही."

"मले कसं ठाऊक? मले भोंगा ठाऊक हाये."

"मी तुम्हाला आधी सांगितलं होतं."

"तुमी लई सांगता, साहेब."

डोल्या येत राहिल्या. रंभाचा नवरा आला. नवे भरती झालेले आले, त्यांच्या बायका नव्हत्या, त्यांना मुखरूनं हाताला धरून उतरवलं. शेवटी डोली वर आली ती रिकामी. नूरभाईंनी तार सोडली. भोंगा थांबल्यावर कानात नुसतं घुमत राहिलं.

"आता झालं ना?" गुणवंतराव हलक्या आवाजात म्हणाला. "सगळे वर आले, बाई."

"सगळे नाई आले. माझा मानूस खालीच हाये, वर त मढं आलं. डोली पाठवा."

तो वार्ताहरांकडे पाहू लागला, मग डायरेक्टरकडे, मग माझ्याकडे.  इंजिनवाल्यानं डोली खाली सोडली. आम्ही सगळे त्या तोंडाशी उभे राहिलो, ज्यांचे गडी वर आले होते त्या बायकाही. दोर फिरला. डोली वर आली, रिकामी.

"पुन्हा पाठवा," मी म्हणाले.